देवमाशांचा इतिहासकार : रेमिंग्टन केलॉग

देवमाशाला आपण मासा म्हणतो, आणि रूढ झालेले नाव आता बदलावयाचे नाही. परंतु हा प्राणी मासा नव्हे. तो पिलांना दूध पाजतो, फुप्फुसांनी श्वास घेतो, आणि त्याचे पूर्वज चार पायांनी जमिनीवर वावरत होते. हा वंश पाण्यात कसा गेला, याची बखर कोणी लिहून ठेवलेली नाही. ती खडकांत गाडलेल्या हाडांवरूनच वाचावी लागते. अशा वाचनात ज्यांनी हयात घालविली, त्यांत अमेरिकेच्या रेमिंग्टन केलॉग यांचे स्थान फार वरचे आहे. मला मात्र त्यांच्या चरित्रातील दुसरी एक गोष्ट अधिक विचार करावयास लावते. मेलेल्या देवमाशांच्या या अभ्यासकावर जिवंत देवमाशांची वकिली करण्याची पाळी आली, आणि त्या खटल्यात वर्षानुवर्षे निकाल त्याच्या विरुद्धच लागत गेला.

केलॉग यांचा जन्म १८९२ साली आयोवा राज्यातला. कॅन्सस येथे शिकून ते कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात गेले, आणि तेथे मेरियम या नामांकित अध्यापकांच्या हाताखाली सागरी सस्तन प्राण्यांच्या जीवाश्मांकडे वळले. पोटासाठी नोकरी धरली ती शेतकी खात्यात. तेथे बेडूक काय खातात, अमेरिकन मगरी शेतकऱ्याला तारक की मारक, असल्या विषयांवर त्यांनी निबंध लिहिले. देवमाशांचे काम उरल्या वेळात चाले. १९२८ साली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात जागा मिळाली, तेव्हा छंद आणि चाकरी एक झाली. पुढे १९४८ ते १९६२ ते त्या संग्रहालयाचे संचालक होते.

वॉशिंग्टनजवळ चेसापीकच्या आखातावर कॅल्व्हर्टचे कडे आहेत. लाटांनी कडा खालून पोखरला की दरड कोसळते आणि कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या डॉल्फिनची कवटी उघडी पडते. अशा कवट्या शेजारी मांडल्या म्हणजे एक नवल दिसते. प्राचीन प्राण्याच्या नाकपुड्या मुस्कटावर पुढे असतात. पुढच्या काळात त्या मागे मागे सरकत डोक्याच्या माथ्यावर येतात, आणि कवटीची हाडे दुर्बिणीच्या नळ्यांप्रमाणे एकमेकांवर चढतात. पाण्याबाहेर माथा काढताच श्वास घेता यावा, अशी ही सोय. केलॉग यांनी १९२८ साली हा सगळा इतिहास एका मोठ्या निबंधात मांडला.

१९३६ साली त्यांचा आद्य देवमाशांवरील तीनशेंहून अधिक पानांचा ग्रंथ निघाला. हा विषय फार गोंधळाचा होता. १८३४ साली हार्लन यांनी एका प्रचंड सांगाड्याला सरडा समजून 'बॅसिलोसॉरस', म्हणजे सरड्यांचा राजा, असे नाव दिले. पाच वर्षांनी इंग्लंडात ओवेन यांनी त्याचे दात तपासले, तेव्हा दाढेला दोन मुळे निघाली; म्हणजे प्राणी सस्तन. पण आधी दिलेले नाव शास्त्राच्या नियमाने कायम राहते, म्हणून तो देवमासा आजही सरडाच म्हणवितो! १८४५ साली तर कोख नावाच्या गृहस्थाने अनेक प्राण्यांची हाडे जोडून ११४ फुटांचा 'सागरी सर्प' न्यूयॉर्कमध्ये तिकीट लावून दाखविला. या गुंत्यातून केलॉग यांनी एकेक हाड निवडून त्याच्या जागी ठेवले.

पण हा अभ्यास चालू असता दक्षिण ध्रुवाकडील समुद्रात काय होत होते? १९३०-३१ च्या एका हंगामात तेथे २९ हजारांहून अधिक निळे देवमासे मारले गेले. केलॉग यांना देवमाशांचे जाणते म्हणून १९३० साली बर्लिनला तज्ज्ञांच्या बैठकीस पाठविण्यात आले. १९४६ साली वॉशिंग्टनला देवमाशांच्या शिकारीविषयी जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्या परिषदेचे अध्यक्ष तेच होते. १९५२ ते १९५४ या काळात ते आंतरराष्ट्रीय आयोगाचेही अध्यक्ष झाले.

करार चांगल्या हेतूने झाला, परंतु त्याची मेख हिशेबात होती. एक निळा देवमासा म्हणजे दोन फिन, अडीच कुबडे किंवा सहा सेई देवमासे, असे तेलाचे माप धरले होते. सर्व देशांना मिळून हंगामाला असे १६ हजार एकक. जात कोणती दुर्मीळ झाली, हे या मापाला कळत नसे. शिवाय कोणत्या देशाने किती मारावे हेही ठरलेले नव्हते. म्हणून आकडा भरण्यापूर्वी आपल्या पदरात अधिक पडावे यासाठी ताफ्यांची शर्यत लागे. फिन देवमाशांवर मोहिमेचा खर्च निघे आणि वाटेत दिसलेला निळा देवमासाही सुटत नसे. आयोगाचा निर्णय ज्या सरकारास मान्य नसेल, त्याने नव्वद दिवसांत हरकत नोंदविली की तो त्याला लागू होत नसे. वाघांच्या पंचायतीत शेळ्यांचा निवाडा म्हणतात तो असा. केलॉग अध्यक्ष असताना १६ हजारांचे १५,५०० झाले. एवढेच पदरी पडले. निळ्या देवमाशाला पूर्ण संरक्षण मिळेपर्यंत १९६५-६६ साल उजाडले, आणि सोव्हिएत ताफे खोटे आकडे देत होते हे १९९० नंतर बाहेर आले. केलॉग यांनी हाडांत जो वंश पाच कोटी वर्षांच्या अंतरावरून पाहिला होता, तो त्यांच्या डोळ्यांदेखत तीस-पस्तीस वर्षांत संपावयास आला होता. सर्व व्यापारी शिकार थांबविण्याचा ठराव १९८२ साली झाला, तो पाहण्यास ते नव्हते. १९६९ च्या मे महिन्यात ते वारले.

चार पायांचे देवमासेही त्यांच्या हयातीत सापडले नाहीत. ते पुढे पाकिस्तानात आणि आपल्या कच्छमध्ये निघाले. १९७५ साली अशोक साहनी आणि मिश्र यांनी कच्छमधील हरुडीच्या खडकांतील अशा प्राण्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतील लांब, निमुळत्या मुस्कटाच्या एकाला १९८६ साली किशोर कुमार आणि साहनी यांनी स्वतंत्र नाव दिले : 'रेमिंग्टनोसेटस', रेमिंग्टनचा देवमासा.