पंप दिला, पण शिकवला का?

पेण म्हटले की डोळ्यांसमोर गणपती उभा राहतो. पेण शहरात आणि हमरापूर, जोहे या गावांतील कारखान्यांत वर्षभर मूर्ती घडत असतात. साच्यातून निघालेली मूर्ती वाळली की तिचे घासकाम होते, मग रंगकाम आणि शेवटी डोळ्यांची आखणी. घासकामात प्लॅस्टरची किंवा शाडूची बारीक पूड हवेत उडते, तर फवाऱ्याने रंग देताना रंगाचे सूक्ष्म कण व वाफा बंद जागेत साचतात. त्यातच कामाची सर्वाधिक घाई असते ती ऐन पावसाळ्यात, म्हणजे दारे-खिडक्या लावून घ्याव्या लागतात तेव्हा. ज्याला मुळात दमा आहे, त्याच्यासाठी हे दिवस कसोटीचे ठरतात. भिंतींना आलेली ओल व बुरशी, चुलीचा धूर, डास पळवणारी अगरबत्ती आणि विडी यांची त्यात भर पडते.

अशा रुग्णाला दवाखान्यात औषध मिळते. परंतु श्वसनविकारात औषध मिळणे आणि ते फुप्फुसात पोहोचणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यामधील अंतर रुग्णाला शिकवण्यानेच कमी होते आणि हे काम बहुतांशी परिचारिकेकडे असते.

दोन आजार, दोन प्रकारची औषधे

दम्यात श्वासनलिकांना आतून सूज येते व त्या आकुंचन पावतात. हा त्रास कमी-अधिक होत राहतो. 'सीओपीडी' या विकारात मात्र धूम्रपान, चुलीचा धूर वा धूळ यांमुळे श्वासमार्गाची कायमची हानी झालेली असते. दोन्ही आजार पूर्ण बरे होत नसले तरी योग्य उपचारांनी आटोक्यात राहतात.

औषधांचे ढोबळमानाने दोन गट आहेत. साल्ब्युटामॉलसारखी औषधे आकुंचित नलिका काही मिनिटांत मोकळ्या करतात, परंतु सूज कमी करीत नाहीत. ब्युडेसोनाइडसारखी श्वासावाटे घ्यायची स्टिरॉइड औषधे सूज उतरवतात. त्यांचा गुण यायला काही दिवस ते काही आठवडे लागतात आणि ती नियमित घ्यावी लागतात. येथेच रुग्णाची गल्लत होते. ज्या पंपाने लगेच बरे वाटते तो 'चांगला' आणि ज्याने काहीच जाणवत नाही तो 'निरुपयोगी' ठरवून बाजूला पडतो. दम्याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी 2019 पासून प्रौढ व किशोरवयीन रुग्णांना केवळ साल्ब्युटामॉलवर ठेवू नये, स्टिरॉइडचा अंतर्भाव असावा, असे सांगितले आहे. सूज तशीच राहिली तर पुढचा झटका जिवावर बेतू शकतो, हे त्यामागील कारण. म्हणून परिचारिकेने प्रत्येक पंप रुग्णाच्या हातात देऊन 'हा रोजचा' व 'हा त्रासाच्या वेळचा' असे सांगावे आणि त्यावर तशी चिठ्ठी चिकटवावी. निव्वळ रंगावरून ओळख पटवू नये. कंपनी बदलली की रंगही बदलतो.

'पंपाची सवय लागते' हा समज आजही घट्ट आहे. पंपातील औषधाचे व्यसन लागत नाही. गोळीतील औषध रक्तावाटे सर्व शरीरात फिरते, तर पंपातील औषध थेट फुप्फुसात जात असल्याने त्याची अल्प मात्रा पुरते. स्टिरॉइडच्या पंपानंतर मात्र चूळ भरून व गुळण्या करून पाणी थुंकून टाकावे, अन्यथा तोंडात बुरशी होणे वा आवाज बसणे असे त्रास होतात. साल्ब्युटामॉलने हात थरथरतात, छातीत धडधडते. हे आधी सांगितले तर रुग्ण घाबरून औषध सोडत नाही.

पंप कसा घ्यावा?

दाबून फवारा सोडणारा पंप 1956 पासून वापरात आहे, तरीही त्याच्या वापरातील चुका थांबलेल्या नाहीत. ताठ बसावे. टोपण काढून पंप चांगला हलवावा. श्वास हळूहळू पूर्ण सोडावा. तोंडकडा दातांमध्ये धरून ओठ घट्ट मिटावेत. संथपणे श्वास घ्यायला सुरुवात करताच पंप एकदा दाबावा व श्वास घेणे चालूच ठेवावे. नंतर सुमारे 10 सेकंद, किंवा जमेल तितका वेळ, श्वास रोखावा. दुसरी मात्रा हवी असल्यास अर्धा ते एक मिनिट थांबून पुन्हा हलवून घ्यावी.

दाबणे व श्वास घेणे यांचा मेळ बसत नसेल, तर 'स्पेसर' नावाची पोकळ नळी जोडावी. लहान मुले व वृद्ध यांना तिचा मोठा उपयोग होतो. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुऊन आपोआप वाळू द्यावा, कापडाने पुसू नये. पुसल्याने निर्माण होणाऱ्या स्थिर विजेमुळे औषध आतल्या भिंतीलाच चिकटते.

भुकटीच्या कॅप्सूलच्या साधनाची रीत अगदी उलट आहे. तेथे श्वास जोरात व खोल घ्यावा लागतो, आणि श्वास सोडताना साधन तोंडापासून दूर धरावे लागते. ही कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे रुग्णही आढळतात, म्हणून 'ही गिळायची नाही' हे वाक्य आवर्जून उच्चारले पाहिजे. कोकणच्या दमट हवेत आणखी एक पथ्य आहे. बाटलीचे झाकण लगेच लावावे, कॅप्सूल कोरड्या हातांनी घ्यावी आणि धुतलेले साधन पुरते वाळल्याखेरीज वापरू नये. ओल लागली की भुकटीच्या गुठळ्या होतात व ती फुप्फुसात पोहोचत नाही.

रुग्णालयातील शुश्रूषा

धाप लागलेल्या रुग्णाला आडवे झोपवू नये. त्याला बसते करून पुढे झुकवावे व हात उशीवर किंवा टेबलावर टेकवू द्यावेत. श्वासांची गती पूर्ण एक मिनिट मोजावी. प्रौढाची विश्रांतीतील गती साधारणतः 12 ते 20 असते. मानेचे स्नायू ताणले जातात का, रुग्णाला सलग वाक्य बोलता येते का, ओठ निळसर आहेत का, हे पाहावे. छातीतील सूं-सूं आवाज अचानक थांबला आणि रुग्ण सुस्तावला, तर ती सुधारणा समजू नये. हवा आत जाणेच थांबत असल्याची ती खूण असू शकते.

प्राणवायू हेदेखील औषधच आहे. सीओपीडीच्या अनेक रुग्णांत रक्तातील प्राणवायूची पातळी 88 ते 92 टक्के राखणे हे उद्दिष्ट असते. 'थोडा वाढवा' या नातेवाईकांच्या आग्रहाखातर प्रवाह वाढवल्यास शरीरात कार्बन डायऑक्साइड साठून रुग्ण गुंगीत जाऊ शकतो. घरी प्राणवायू चालू असेल त्या खोलीत समई, उदबत्ती वा विडी पेटवू नये.

धाप आवरण्याचा एक सोपा उपायही शिकवावा. नाकाने श्वास घ्यावा आणि शीळ घालताना करतो तसे ओठ करून, घेण्यास लागला त्याच्या दुप्पट वेळ घेत तो सोडावा. सीओपीडीच्या रुग्णाला जिना चढताना, पाण्याची कळशी उचलताना याचा चांगला उपयोग होतो.

'समजले का?' असे विचारू नका

शिकवण्याची खरी कसोटी येथे आहे. 'समजले का?' या प्रश्नाला प्रत्येक रुग्ण मान डोलावतो. म्हणून परिचारिकेने आधी स्वतः करून दाखवावे, मग म्हणावे, 'काका, आता तुम्ही करून दाखवा.' चूक दिसली तर ती सुधारून पुन्हा करवून घ्यावे. यास पाच-सात मिनिटे लागतात. एकदा शिकलेली रीत काही आठवड्यांत बिघडते, म्हणून प्रत्येक भेटीत पंप सोबत आणायला सांगावा. रुग्ण आदिवासी वाडीवरचा असेल तर त्याच्या बोलीतील शब्द वापरावेत, वाचता येत नसेल तर कागदावर सूर्य व चंद्र काढून सकाळ-रात्रीच्या मात्रा दाखवाव्यात. घरातील आणखी एका व्यक्तीलाही शिकवावे.

याच वेळी काही प्रश्न विचारावेत. मूर्तिकामात असाल तर घासकाम ओलसर ठेवून करता येईल का? तोंडाला रुमालाऐवजी धूळ रोखणारा चांगला मास्क आहे का? रंगकामाच्या जागी हवा खेळती आहे का? अंगदुखीवर परस्पर कोणती गोळी घेता? अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्यांनी काही दमेकऱ्यांना तीव्र झटका येतो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर केवळ दमा समजून न थांबता क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी करून घ्यावी.

केव्हा निघावे?

झटक्यात करावयाच्या गोष्टी डॉक्टरांकडून लिहून घेऊन घरात लावून ठेवाव्यात. सांगितलेल्या मात्रा घेऊनही उतार पडत नसेल, एक वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ निळे पडत असतील किंवा रुग्ण गोंधळल्यासारखा वागत असेल, तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत स्पेसरमधून पंप देत राहावे. पेणचा रुग्ण पुढील उपचारांसाठी अलिबाग, पनवेल वा मुंबईकडे न्यावा लागतो, आणि गणेशोत्सवाच्या दिवसांत मुंबई-गोवा महामार्ग वाहनांनी तुंबलेला असतो. तेव्हा 'सकाळपर्यंत वाट पाहू' हा विचार घातक ठरतो.

मूर्तीच्या डोळ्यांची आखणी कोणी पुस्तकातून शिकत नाही. गुरूच्या नजरेखाली पुन्हा पुन्हा करूनच हात बसतो. पंपाचेही तसेच आहे. पुढच्या वेळी दवाखान्यातून औषध घेऊन निघताना परिचारिकेला थांबवून म्हणावे, 'सिस्टर, मी घेतो तसे बरोबर आहे का, जरा पाहता?'