फोमचा तुकडा काय करणार?

२ एप्रिल २०२२ ची रात्र आठवते? विदर्भाच्या आकाशात आगीच्या रेघा दिसल्या आणि आपल्या गोंडपिपरीच्याच जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूची भलीमोठी रिंग येऊन पडली. चिनी रॉकेटचा अवशेष असावा, असं तज्ज्ञ म्हणाले. प्रचंड वेगाने येणाऱ्या वस्तूसमोरची हवा दाबली जाऊन भट्टीसारखी तापते, ती ही आग.

याच आगीतून माणसं परत आणायची तर यानाला उष्णतारोधक कवच लागतं. १६ जानेवारी २००३ ला कोलंबिया यान उडालं, तेव्हा इंधनटाकीवरचा इन्सुलेशन फोम सुटून डाव्या पंखावर आदळला. काही इंजिनिअरांनी पंखाचे फोटो मागितले, मिळाले नाहीत. हलका फोम तो, काय करणार? १ फेब्रुवारीला परतताना यान तुटलं. कल्पना चावलांसह सातही जण गेले.

जुलैमध्ये टेक्सासात पाऊण किलोचा फोम गॅस गनने ताशी ८०० किलोमीटरहून जास्त वेगाने तशाच कवचावर मारला. सुमारे ४० सेंटिमीटरचं भोक पडलं! वजन हलकं होतं, वेग नव्हता.

'एवढ्याशा बदलाने काय होतंय' म्हणत टेस्ट न करता कोड पुढे ढकलावासा वाटला, की मला ते भोक आठवतं.