सोवेटोची शाळकरी मुले

दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाची गोष्ट निघाली की नेल्सन मंडेला यांचे नाव प्रथम आठवते. पण १९७६ साली मंडेला रॉबेन बेटावर तुरुंगात होते, आणि सरकारपुढे उभी राहिली ती गणवेशातली मुले.

१९५३ च्या बांटू शिक्षण कायद्याने काळ्या मुलांसाठी वेगळे, हलक्या दर्जाचे शिक्षण ठरवले होते. १९७४ मध्ये आणखी हुकूम निघाला: गणित आणि समाजशास्त्र आफ्रिकान्स भाषेतून शिकवायचे. ती राज्यकर्त्या गोऱ्यांची भाषा. मुलांच्या घरी झुलू, सोथो. पुष्कळ शिक्षकांनाही ती धड येत नव्हती. नवी भाषा किती जड जाते, हे उल्पानमध्ये बसलेल्या आपल्या पिढीला सांगायला नको. परंतु हिब्रू आपण आपलीशी करायला आलो होतो. त्या मुलांवर आफ्रिकान्स लादली गेली.

मे महिन्यात ऑर्लँडो वेस्टच्या विद्यार्थ्यांनी वर्गावर बहिष्कार घातला. कोणी दाद दिली नाही. मग १६ जूनला मोर्चा ठरला. तो मोठ्या विद्यार्थ्यांनी आखला होता. आईबाप सकाळीच जोहान्सबर्गला कामावर गेलेले. बहुतेकांना याचा पत्ताच नव्हता. धाकट्यांनाही काही सांगितलेले नव्हते. दादा-ताई फलक घेऊन, गात चालले आहेत एवढेच त्यांनी पाहिले आणि ती मागोमाग निघाली.

अशा मुलांत बारा वर्षांचा हेक्टर पीटरसन होता. त्याची थोरली बहीण अँटोनेट मोर्चात होती. गर्दीत तो दिसताच तिने त्याला जवळ थांबायला सांगितले. पोलिसांनी अश्रुधूर सोडला, मग गोळ्या झाडल्या. हेक्टर पडला. म्बुयिसा मखुबो या तरुणाने त्याला उचलले. शेजारून बहीण आक्रोश करीत धावत होती. सॅम न्झिमा यांनी टिपलेले ते छायाचित्र जगभर छापले गेले. पुढे म्बुयिसाला देश सोडावा लागला; तो घरी परतलाच नाही. दंगली देशभर पसरल्या आणि सरकारी चौकशीनेच मृतांचा आकडा पाचशेच्या वर सांगितला.

आज १६ जून हा तेथे युवक दिन म्हणून पाळतात.

आफ्रिकान्सची सक्ती जुलैमध्येच मागे घेतली गेली. मुलांची मागणी एका सहीने पुरी होण्यासारखी होती. ती सही मे महिन्यातही करता आली असती.