उंबऱ्यावरच्या टोळ्या

आम्हा बेळगावकरांना सीमा हा शब्द काही नवा नाही. पण घराची भिंत हीच सरहद्द मानून तिच्यावरच्या रहिवाशांची हकीकत लिहिणारा एक गृहस्थ आपल्याच मुलखात होऊन गेला, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन त्यांचं नाव. जन्म १८५१ चा, आपल्या साताऱ्यातला. वडील स्कॉटिश मिशनरी. मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवलं आणि १८७६ साली जकात व मीठ खात्यात नोकरी धरली.

मिठाच्या नोकरीनं त्यांना कच्छच्या छोट्या रणाकाठच्या खारागोड्याला नेलं. भोवती खार आणि धूळ. तिथं बघायचं काय? तर बंगल्यात आणि अंगणात जे होतं तेच. उंदीर, पाली, मुंग्या, वाळवी, कावळे, वटवाघळं, बेडूक, डास! यांवर १८८३ मध्ये ‘द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर’ हे पुस्तक निघालं. अफगाण युद्ध नुकतंच संपलेलं. सरहद्दीवरच्या टोळ्या हा तेव्हाच्या इंग्रजी वर्तमानपत्रांचा रोजचा विषय. साहेबांनी तोच शब्द उचलला आणि घरातल्या जिवांना लावला. थट्टेची थट्टा आणि निरीक्षणाचं निरीक्षण.

त्याच वर्षी १५ सप्टेंबरला मुंबईत आठ जणांनी मिळून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांत एटकेन होतेच, शिवाय आपले दोन डॉक्टर होते. प्रार्थना समाजाचे आत्माराम पांडुरंग, आणि वनस्पतींचे जाणकार सखाराम अर्जुन, म्हणजे डॉक्टर रखमाबाईंचे सावत्र वडील.

हा काळ कसला होता तेही बघा. पक्षी ओळखायचा म्हणजे आधी बंदुकीनं पाडायचा, मग त्याची कातडी पेटीत ठेवायची. काँग्रेसच्या स्थापनेत पुढे असलेल्या ह्यूम साहेबांनी १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमला पक्ष्यांच्या हजारो कातड्या दिल्या. त्या संग्रहाचं मोल मोठं आहे, नाही कोण म्हणतं? पण जिवंत कावळा दिवसभर काय करतो, हे पेटीतली कातडी सांगत नाही. त्यासाठी व्हरांड्यात बसून बघावं लागतं. एटकेनांनी ते केलं.

या बघण्यातून पुढं काय आलं ते ऐका. १८८३ च्या पुस्तकात डास हा चेष्टेचा विषय होता. १८९७ साली आपल्या सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचं बीज सापडलं, आणि चेष्टा संपली. १९०२ मध्ये सरकारनं एटकेनांना गोव्याच्या सरहद्दीवर पाठवलं. तिथल्या जकात नाक्यांवरची माणसं हिवतापानं हैराण झाली होती. डास शोधायचे आणि हटवायचे हे काम. तिथं त्यांना डासाची एक नवी जात मिळाली. तिला नाव पडलं ‘अ‍ॅनोफेलिस एटकेनाय’. सरहद्दीवरची टोळी म्हणता म्हणता खरोखरच सरहद्दीवर भेटली!

आता आपल्या घराकडं वळते. आमच्याकडं जुन्या बायका पाणी गाळून घेत, आणि गाळण्यातले जीव जिथून पाणी आणलं त्या आडातच परत सोडत. चुलीत घालायचं लाकूड आपटून, जात्याचं तोंड झाडून मगच काम सुरू. तत्त्वार्थसूत्रात अळी, मुंगी, भुंगा, माणूस अशी एकेका इंद्रियानं वाढणारी उतरंड आहे. ती त्यांना पाठ होती की नाही ते सोडा, जीव कुठं लपतो ते मात्र नेमकं माहीत होतं. मुंग्या अंडी घेऊन वर चढू लागल्या की वाळवण आत यायचं. हेही निरीक्षणच. फरक एवढाच, की एटकेनांच्या हाती लेखणी होती आणि यांच्या हाती सूप.

त्या फरकाचं नुकसान आज दिसतं. गल्लीतल्या चिमण्या कधी कमी झाल्या असं विचारा. कुणी म्हणतं कौलं जाऊन स्लॅब पडले तेव्हा, कुणी म्हणतं मोबाइलचे टॉवर आले तेव्हा, कुणी म्हणतं अंगणात धान्य पाखडणं थांबलं तेव्हा. साल कुणालाच सांगता येत नाही, कारण कुणी लिहून ठेवलेलं नाही. सालच नाही, तर कारण कसं ठरवणार? एटकेनांच्या खारागोड्याबद्दल मात्र आपण सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही बोलू शकतो.

म्हणून म्हणते, स्वयंपाकघरात दुधाचा हिशेब लिहायचं कॅलेंडर टांगलेलं असतंच. पहिला बेडूक ओरडला, पंखाच्या मुंग्या दिव्यावर आल्या, सोप्यात चिमणीनं काडी आणली, त्या दिवसाच्या चौकोनात दोन शब्द टाका. आणि वर्ष संपलं की ते कॅलेंडर रद्दीत देऊ नका.