बाबांच्या डब्यातली कॅप्सूल आणि फिनलंडचे सिगारेटवाले

आजचा भाग जरा घरचा आहे. दिवाळीत गावी गेलो तेव्हा बाबांच्या गोळ्यांच्या डब्यात व्हिटॅमिन ईच्या कॅप्सूल दिसल्या. विचारलं तर म्हणाले, "अरे, प्रोस्टेटचा कॅन्सर होत नाही म्हणे. ग्रुपवर आलं होतं."

मी बीटेकवाला, डॉक्टर नाही. पण बग कुठून आला ते शोधायची सवय आहे. शोधत शोधत थेट फिनलंडला पोचलो.

व्हिटॅमिन ई सापडलं १९२२ मध्ये, कॅलिफोर्नियात, हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप यांना. पुढे कळलं की ते पेशींची झीज रोखतं. मग लोकांनी सरळ हिशोब मांडला: झीज थांबली की कॅन्सरही थांबेल.

हे तपासायला १९८५ मध्ये फिनलंडमध्ये प्रयोग सुरू झाला. ५० ते ६९ वयाचे २९,१३३ पुरुष, सगळे सिगारेट ओढणारे. काहींना रोज ५० मिलिग्रॅम व्हिटॅमिन ई, काहींना बीटा कॅरोटीन, काहींना दोन्ही, काहींना नुसती खोटी गोळी. प्रश्न होता फुफ्फुसाच्या कॅन्सरचा. १९९४ मध्ये निकाल आला: व्हिटॅमिन ईचा तिथे उपयोग शून्य, आणि बीटा कॅरोटीनवाल्यांत तो कॅन्सर उलट १८ टक्के जास्त!

पण १९९८ मध्ये त्याच डेटातून दुसरंच काही निघालं. व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर ३२ टक्के कमी. पुढे असंही दिसलं की सुरुवातीलाच ज्यांच्या रक्तात व्हिटॅमिन ई जास्त होतं, त्यांना धोका कमी होता. बाबांच्या फॉरवर्डचं मूळ हेच.

आता गोम बघा. हा प्रयोग प्रोस्टेटसाठी आखलेलाच नव्हता. आपण एखाद्या फीचरची टेस्ट घेतो, वीस आकडे बघतो, त्यातला एखादा योगायोगानेही चांगला दिसतो. आणि ज्याच्या रक्तात व्हिटॅमिन ई जास्त, त्याचं एकूण खाणंपिणंच चांगलं असू शकतं. श्रेय नक्की कुणाचं?

म्हणून २००१ मध्ये अमेरिकेत खास प्रोस्टेटसाठी 'सिलेक्ट' नावाचा प्रयोग सुरू झाला. ३५,५३३ पुरुष. व्हिटॅमिन ईचा डोस रोज ४०० युनिट, म्हणजे फिनलंडच्या जवळजवळ आठपट. २००८ मध्ये फायदा दिसेना म्हणून गोळ्या थांबवल्या. पुरुषांवर लक्ष मात्र चालू ठेवलं, आणि तेच महत्त्वाचं ठरलं. २०११ मध्ये कळलं की नुसतं व्हिटॅमिन ई घेतलेल्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर १७ टक्के जास्त! सात वर्षांत हजारात, खोटी गोळी घेणारे ६५ आणि व्हिटॅमिन ईवाले ७६. हजारामागे अकरा माणसं जास्त. आकडा लहान वाटतो ना? त्या अकरांत आपले बाबा असले तर?

मी फोन करून हे सगळं सांगितलं. बाबा आधी चिडले, "मग दुकानात विकतात कशाला?" म्हटलं, ज्यांना खरंच कमतरता असते त्यांना डॉक्टर देतात. तुम्हाला कुणी दिली? तिकडे शांतता.

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच डॉक्टरांकडे गेले. गरज नाही, बंद करा, असं उत्तर मिळालं. संध्याकाळी मला फोन: "शेंगदाण्यात पण व्हिटॅमिन ई असतं म्हणे. चटणी तरी खाऊ ना?"

खा बाबा, बिनधास्त खा!

तुमच्याही घरचा गोळ्यांचा डबा एकदा उघडून बघा. डॉक्टरांनी दिलेलं मनाने बंद करू नका, आणि ग्रुपने दिलेलं मनाने सुरू करू नका. भेटू पुढच्या भागात!