पुणे शहर : स्थलांतर व लोकसंख्याबदल

बाहेरून येऊन पुणे शहरात स्थायिक झालेल्या समूहांमुळे तेथील लोकसंख्येत घडून आलेले बदल व त्यांचे आर्थिक परिणाम यांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. कोणत्याही प्रदेशाची लोकसंख्या जन्म, मृत्यू व स्थलांतर या तीन घटकांमुळे बदलते. यांपैकी स्थलांतराचे आर्थिक स्वरूप वेगळे असते. जन्माने वाढलेली लोकसंख्या प्रथम अनेक वर्षे केवळ उपभोक्ता असते व नंतर श्रमशक्तीत सामील होते; स्थलांतरित व्यक्ती मात्र बहुधा कामाच्या वयातच येते. तिच्या संगोपनाचा खर्च मूळ गावाने वा देशाने केलेला असतो व तिच्या श्रमाचा लाभ नव्या ठिकाणास मिळतो. त्याचबरोबर निवारा, पाणी व आरोग्य यांची तातडीची गरजही नव्या ठिकाणी निर्माण होते. अमेरिकेची संयुक्त संस्थाने, कॅनडा यांसारख्या देशांच्या इतिहासात मोठ्या प्रमाणावर दिसणारी ही प्रक्रिया पुण्याच्या सु. चारशे वर्षांच्या इतिहासात लहान प्रमाणावर पाहावयास मिळते.

मराठेकाल : सु. १६३० मध्ये आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव याने पुणे कसबा उद्ध्वस्त केला आणि त्याच सुमाराच्या दुष्काळाने परिसर ओसाड झाला. त्यानंतर शहाजी राजांच्या जहागिरीत जिजाबाई व दादोजी कोंडदेव यांच्या देखरेखीखाली पुण्याची पुन्हा वसाहत झाली. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्यांना प्रारंभी कमी सारा व पुढे तो क्रमाक्रमाने वाढविणे, असा कौल देण्यात येई. पहिली काही वर्षे महसूल सोडून नंतर तो मिळविण्याचे हे धोरण म्हणजे वस्ती वाढविण्यासाठी केलेली गुंतवणूकच होती.

बाळाजी विश्वनाथ (कार. १७१३–२०) याला पेशवेपद मिळाल्यानंतर कोकणातून चित्पावन कुटुंबे मोठ्या संख्येने देशावर येऊ लागली. पहिल्या बाजीरावाने १७३० मध्ये शनिवारवाड्याचा पाया घातल्यावर पुणे हे सत्तेचे केंद्र बनले. अठराव्या शतकात कसब्याभोवती एकामागून एक पेठा वसल्या. नवी पेठ वसविताना शेटे-महाजन नेमले जात व तेथे येणाऱ्या व्यापाऱ्यांना आणि कारागिरांना काही वर्षे करांची सूट मिळे. गुजराती व मारवाडी सराफ, तांबट, तेलंगणातील कामाठी आणि निरनिराळ्या प्रांतांतील शिपाई व कारकून असा मिश्र समाज त्यामुळे येथे एकवटला. वाढत्या वस्तीसाठी बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब याच्या कारकीर्दीत कात्रजच्या तलावातून भुयारी नळाने शहरात पाणी आणण्यात आले. वस्ती वाढविणाऱ्या सत्तेनेच पाण्याचीही सोय केल्याचे हे उदाहरण उल्लेखनीय आहे.

या काळातील अर्थव्यवस्था मुख्यतः दरबाराच्या खर्चावर उभी होती. राज्यातील महसूल पुण्यात येई आणि लष्कर, वाडे, दक्षिणा व उत्सव यांच्याद्वारे तो कारागीर व व्यापारी यांच्या हाती जाई. हा आधार सुटताच वस्तीही ओसरे. १८०२ मध्ये यशवंतराव होळकराने पुणे जिंकले. पुढील दोन वर्षांत दुष्काळही पडला. या काळात अनेकांनी शहर सोडले. १८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आल्यावर सरदार, त्यांचे आश्रित व सराफ विखुरले. पेशवाईत एक लाखाहून अधिक मानली जाणारी लोकसंख्या १८५१ मध्ये सु. ७३,००० एवढीच उरली होती.

ब्रिटिश अंमल : जुन्या शहराच्या पूर्वेस ब्रिटिशांनी लष्करी छावणी उभारली. तिच्या गरजा भागविण्यासाठी पारशी, बोहरा, बगदादी ज्यू, गोव्याकडील ख्रिस्ती व तमिळ मुदलियार अशा समूहांतील व्यापारी, ठेकेदार व सेवक येऊन स्थायिक झाले. ससून रुग्णालय व लाल देऊळ हे ज्यूंचे प्रार्थनामंदिर (दोन्ही १८६७) ही या वस्तीच्या समृद्धीची साक्ष होत. १८५८ मध्ये पुण्यापर्यंत लोहमार्ग आला व १८६३ मध्ये बोर घाटातील मार्ग पुरा होऊन मुंबईशी सलग दळणवळण सुरू झाले. त्याचे परिणाम दुहेरी होते. गिरणीच्या स्वस्त कापडामुळे हातमागावरील विणकऱ्यांचा धंदा बसला. उलट तांब्याचे पत्रे सुलभतेने मिळू लागल्याने व भांड्यांना दूरची बाजारपेठ लाभल्याने तांबटांचा धंदा वाढला. १८६९ मध्ये खडकी येथे दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला.

याच काळात शिक्षण हे स्थलांतराचे एक नवे कारण ठरले. न्यू इंग्लिश स्कूल (१८८०), हुजूरपागा ही मुलींची शाळा (१८८४), फर्ग्युसन महाविद्यालय (१८८५) व पुढे हिंगणे येथील स्त्रीशिक्षण संस्था यांमुळे महाराष्ट्राच्या सर्व भागांतून विद्यार्थी येऊ लागले. शिकलेल्यांपैकी अनेकांनी येथेच नोकरी धरली. निवृत्तिवेतनधारकांनीही पुणे पसंत केले. त्यामुळे छापखाने, पुस्तकविक्री, खाणावळी व भाड्याची बिऱ्हाडे यांवर चालणारे एक लहान पण स्थिर अर्थकारण निर्माण झाले. १८९७ पासूनच्या प्लेगच्या साथींनी मात्र लोकसंख्यावाढ काही काळ रोखली.

या स्थित्यंतराची शास्त्रीय पाहणी पुण्यातच झाली. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजय रामचंद्र गाडगीळ (१९०१–७१) यांच्या मार्गदर्शनाखाली १९३६-३७ मध्ये शहरातील कुटुंबांची सामाजिक व आर्थिक पाहणी करण्यात आली. नी. वि. सोवनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ मध्ये तिची पुनर्पाहणी केली. एकाच शहराची अशी कालांतराने केलेली पाहणी त्या काळी भारतात विरळाच होती.

स्वातंत्र्योत्तर काल : १९४१ ते १९५१ या दशकात पुणे नागरी समूहाची लोकसंख्या सव्वातीन लाखांच्या आसपास होती, ती सहा लाखांजवळ पोहोचली. दुसऱ्या महायुद्धात खडकी व देहू रोड येथील लष्करी कारखाने व भांडारे यांत मिळालेला रोजगार हे तिचे एक कारण होय. फाळणीनंतर सिंधी व पंजाबी निर्वासित आले. सिंधी निर्वासितांची मोठी वसाहत पिंपरी येथे झाली. १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीमुळे व कूळकायद्यामुळे दक्षिण महाराष्ट्रातील अनेक ब्राह्मण कुटुंबे पुण्यात आली. मालमत्ता गमावून आलेल्या या समूहांनी व्यापार, शिक्षण व नोकरी यांच्या बळावर पुन्हा जम बसविला.

पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी औषध कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आल्यावर पिंपरी–चिंचवड–भोसरी या पट्ट्याचे झपाट्याने औद्योगिकीकरण झाले. बजाज ऑटो, टेल्को यांसारखे मोठे कारखाने आणि त्यांना सुटे भाग पुरविणारी असंख्य लहान यंत्रशाळा असलेली केंद्रे यांनी महाराष्ट्राच्या सर्व भागांतील व परप्रांतांतील कामगार आकर्षित केले. दुसऱ्या बाजूस ग्रामीण भागातील हलाखीनेही लोटणारे कारण पुरविले. १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा, सोलापूर व अहमदनगर या भागांतून हजारो शेतमजूर कुटुंबे आली. पर्वतीच्या उतारावर, नदी व कालव्यांच्या काठांवर झोपडपट्ट्या वाढल्या. १९७१ मध्ये सु. ११·३५ लाख असलेली नागरी समूहाची लोकसंख्या १९९१ मध्ये सु. २५ लाखांवर गेली. १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवडसाठी स्वतंत्र महानगरपालिका स्थापन झाली.

१९९० नंतर माहिती तंत्रज्ञान उद्योगाने वेगळ्या स्तरातील स्थलांतरित आणले. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा येथे देशाच्या सर्व भागांतील अभियंते आले व त्यांच्यासाठी घरे बांधण्यास उत्तर प्रदेश, बिहार, कर्नाटक इ. राज्यांतून बांधकाम मजूर आले. २०११ मध्ये नागरी समूहाची लोकसंख्या ५० लाखांवर पोहोचली.

आर्थिक परिणाम : स्थलांतरामुळे पुण्यास कुशल व अकुशल अशा दोन्ही प्रकारची तयार श्रमशक्ती मिळाली, बाजारपेठ विस्तारली व नवे उद्योजक निर्माण झाले. मात्र या लाभाची वाटणी विषम झाली. संघटित कारखान्यांतील कामगारांना वेतन व सुरक्षितता मिळाली. हमाल, बांधकाम मजूर, मोलकरणी व कचरावेचक यांना ती दीर्घकाळ लाभली नाही. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने स्थापन झालेली हमाल पंचायत, १९६९ चा माथाडी कामगार कायदा व १९९३ मध्ये स्थापन झालेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत यांनी हे अंतर काही अंशी कमी केले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर होताच परप्रांतीय मजुरांना रोजगाराबरोबरच निवाराही गमवावा लागला व हजारोंनी गावची वाट धरली, तेव्हा या वर्गाची असुरक्षितता पुन्हा उघड झाली.

जमिनीच्या वाढत्या किमती हा दुसरा महत्त्वाचा परिणाम होय. नव्या वस्तीमुळे जमिनीचे मूल्य वाढते, परंतु ती वाढ बहुधा जमीनमालक व विकासक यांच्या हाती जाते. मगरपट्टा येथील सु. १२० शेतकरी कुटुंबांनी आपली सु. ४०० एकर जमीन एकत्र करून स्वतःच नगर उभारले, हा यातील ठळक अपवाद म्हणता येईल. सामान्यतः मूळ शेतकऱ्यास एकदाच मोबदला मिळाला आणि नव्या मजुरास परवडेल असे घर मिळाले नाही.

पाण्याच्या बाबतीतही हाच प्रश्न उद्‌भवतो. खडकवासला, पानशेत, वरसगाव व टेमघर ही धरणे शहराची तहान भागवितात. त्याच पाण्यावर दौंड, इंदापूर तालुक्यांतील शेतीही अवलंबून आहे. शहराची मागणी वाढली, की हा वाद तीव्र होतो. शहराच्या सीमेवरील गावे महानगरपालिकेत घेण्याचे प्रसंगही वारंवार आले : १९९७ मध्ये २३, २०१७ मध्ये ११ व २०२१ मध्ये पुन्हा २३ गावे समाविष्ट झाली. वस्ती आधी व नळ, मलनिस्सारण, रस्ते नंतर, असा क्रम बहुतेक ठिकाणी दिसतो. परिणामी करदात्या रहिवाशांनाही टँकरचे पाणी विकत घ्यावे लागते.

पुण्याच्या वाढीचा बोजा आणि लाभ यांचा हिशोब लोकसंख्येच्या केवळ आकड्यावरून मांडता येत नाही. १८१८ नंतरच्या अनुभवावरून असे दिसते, की रोजगाराचा आधार नसेल, तर लोक शहरात टिकत नाहीत. म्हणजेच टिकून राहिलेली वस्ती ही शहराच्या उत्पादनक्षमतेची निदर्शक असते. गैरसोयींचे कारण नवागतांचे येणे एवढेच नसून, त्यांच्या श्रमातून व त्यांच्यामुळे वाढलेल्या जमिनीच्या मूल्यातून निर्माण झालेल्या संपत्तीचा पुरेसा भाग पाणी, घरे व वाहतूक यांवर वेळीच खर्च न होणे हे आहे. २०२१ मध्ये अपेक्षित असलेली जनगणना त्या वर्षी न झाल्याने नियोजनास दीर्घकाळ जुन्याच आकड्यांवर विसंबावे लागले, हीदेखील या संदर्भातील एक गंभीर उणीव होय.