‘७/१२’ न कळणारं कॅलेंडर

१९७९ साली बेल लॅब्समधून युनिक्सची सातवी आवृत्ती बाहेर पडली. तिच्यात ‘कॅलेंडर’ नावाची छोटीशी आज्ञा होती. त्याच नावाची साध्या मजकुराची फाइल करायची आणि ओळीला एक काम लिहायचं. ओळीत कुठंही आजची किंवा उद्याची तारीख दिसली, की आज्ञा ती ओळ समोर टाकी. शनिवार-रविवार मध्ये आला, तर तिचा ‘उद्या’ सोमवारपर्यंत लांबे. तारखा मात्र तिला अमेरिकी शिरस्त्यानंच कळत, आधी महिना, मग दिवस. सात डिसेंबरसाठी ‘७/१२’ लिहू नका, असं माहितीपुस्तिकेतच बजावलं होतं. तलाठ्याकडे तिचं काही खरं नव्हतं!

तेव्हा नोंदीच्या रूपांतराचा प्रश्नच नव्हता. लिहिणारा, वाचणारा आणि आठवण करून देणारं यंत्र, सगळे एकाच ठिकाणी. एका कंपनीच्या कॅलेंडरातली बैठक दुसरीच्या कॅलेंडरात पाठवायची वेळ आली, तेव्हा अडलं. ॲपल, एटी अँड टी, आयबीएम आणि सीमेन्स यांच्या ‘व्हर्सिट’ गटानं १९९६ साली ‘व्ही-कॅलेंडर’ आणलं. त्यावरून १९९८ मध्ये ‘आय-कॅलेंडर’ हे प्रमाण ठरलं. लेखक दोघे, एक लोटसचा, दुसरा मायक्रोसॉफ्टचा. बाजारात या कंपन्या एकमेकींच्या उरावर बसलेल्या. २००९ साली त्याची सुधारित आवृत्ती आली, तीच आज चालते.

गंमत म्हणजे ‘आय-कॅलेंडर’ची ‘आयसीएस’ फाइलही साधा मजकूरच असते. पण ‘दंतवैद्य, सोमवार’ एवढ्या कामाला तिथं किमान दहा ओळी लागतात: सुरुवात, आवृत्ती, फाइल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरचं नाव, नोंदीचा ओळखक्रमांक, शिक्का मारल्याची वेळ, शेवट. हे हातानं कोण लिहिणार? म्हणून एका ओळीच्या दहा करणारी कमांड लाइनवरची साधनं आली. ईमॅक्स या मजकूर-संपादकातली डायरीही अशी निर्यात करते.

यातली खरी परीक्षा ओळखक्रमांकाची. प्रत्येक वेळी नवा क्रमांक देणारं साधन दुसऱ्यांदा चालवलं, की दंतवैद्याची वेळ कॅलेंडरात दोनदा उमटते. माझ्या मते क्रमांक मूळ ओळीवरूनच काढावा. दुसरी मेख मराठीला जास्त टोचते. एका ओळीत ७५ बाइटपेक्षा जास्त मजकूर ठेवू नये, उरलेला खालच्या ओळीवर घ्यावा, असा नियम आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह, मग ती मात्रा का असेना, तीन बाइट खातं. म्हणजे पंचविशीतच ओळ भरते, आणि बेफिकीर साधन अक्षराच्या मधोमध सुरी चालवतं.

दरवर्षी येणाऱ्या नोंदीचा नियमही मुळात ग्रेगोरियन तारखांपुरताच. २०१५ साली इतर कालगणनांना दार उघडलं, चिनी नववर्षाची सोय झाली. भारतीय म्हणून जी कालगणना तिथं आहे ती सरकारी सौर शकाची, तिथी नाही. त्यामुळे गणेश चतुर्थीला साधनाचा उपयोग एवढाच, की पंचांगात बघून त्या वर्षीची तारीख आपण ओळीत लिहायची आणि बाकीच्या नऊ ओळी त्यानं भरायच्या.